सोड्यांच्या डब्यातलं पुस्तक

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगताना आवाज जरा चढतो, हेही मला ठाऊक आहे. होडीवर जाणाऱ्या बापाची आणि मासळी विकणाऱ्या आईची पोर बी.ए. झाली, त्याचा अभिमान बाळगायला मला कुणाची परवानगी नको. पण तुला वाचनाची गोडी कशी लागली, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. कारण त्या गोडीच्या मागे पालघरच्या वाचनालयातली एक दुपार आहे, आणि ती आठवली की या वयातही माझे कान तापतात.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. आमचं गाव तारापूरच्या जवळ, अगदी समुद्राला लागून. बोईसर म्हणजे तेव्हा एक स्टेशन, थोडी दुकानं आणि गवताच्या वखारी. कारखाने नव्हते. वीज केंद्रासाठी जागा बघायला आलेली माणसं किनाऱ्यावर दुर्बिणी लावून फिरायची आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे. आई पहाटे पाटी डोक्यावर घेऊन निघायची, वाटेतल्या पाम गावावरून चालत बोईसर गाठायची आणि गाडीनं पालघरला जायची. बोईसरपेक्षा पालघरला गिऱ्हाईक बरं. तिथं कचेऱ्या होत्या, पगारदार माणसं होती.

शाळेच्या कपाटातली पुस्तकं मी संपवली, तेव्हा आमचे गुरुजी आईला म्हणाले, "हिला कुठून तरी पुस्तकं मिळवून द्या, नाहीतर ही किराण्याच्या पुड्या सोडून वाचत बसेल." आईनं ते मनावर घेतलं. बाजारामागे वाचनालय आहे एवढंच तिनं ऐकलं होतं. मासळी विकून झाल्यावर रिकामी पाटी तिनं बाहेर झाडाखाली ठेवली, पंपावर हातपाय धुतले आणि दारात उभी राहून ग्रंथपालांना म्हणाली, "मास्तर, पोरीला पुस्तक द्या. जाडं द्या. बारीक लगेच सपतंय."

असं माझं वाचनालय सुरू झालं. पुस्तक निवडायचे ग्रंथपाल, आणायची आई, वाचायची मी. आईला अक्षर येत नव्हतं. दिलेलं पुस्तक आधी आणलेलं नाही ना, हे ती वरच्या चित्रावरून ओळखायची. धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात बांधून, कमरेला खोचून आणायची. मला देताना म्हणायची, "या बारीला घोडा हाय." किंवा, "बाईचं हाय, रडकी दिसते."

एकदा तिनं आणलेल्या पुस्तकावर नुसती कपाटं होती. कपाटांपुढे चार मुलं कंदील घेऊन उभी. आई म्हणाली, "घे. तुज्यासारकीच दिसतायत, पुस्तकांत घुसलेली."

ती मुलांसाठी लिहिलेली साहसकथा होती. एका संस्थानातलं जुनं ग्रंथालय. सुट्टीच्या आदल्या दिवशी पहारेकरी कुलूप लावून निघून जातो आणि चार भावंडं आत अडकतात. ग्रंथालय बांधणाऱ्या म्हाताऱ्या सरदारानं प्रत्येक कपाटात एक कोडं ठेवलेलं. कोडं सुटलं की पुढच्या कपाटाची किल्ली मिळते, आणि सगळ्यांत शेवटच्या कपाटामागे बाहेर पडायची वाट. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लेखक आपल्याला दटावायचा: थांबा, पान उलटू नका, आधी तुम्ही सांगा.

आता हे एकटीनं वाचायचं पुस्तकच नव्हे. मी मोठ्यानं वाचायची आणि आई चुलीपुढे बसून उत्तरं द्यायची. तिची उत्तरं बहुतेक चुकायची. एकदा सरदाराची चिठ्ठी म्हणते, या दालनात एकाच कपाटाला कुलूप नाही, तरी चोर त्याला हात लावत नाही, का ते ओळखा. आई म्हणाली, "त्यात साप आसंल." उत्तर होतं, ते कपाट नव्हतंच, भिंतीवर रंगवलेलं चित्र होतं. आईला राग आला. "आसली कोडी घालतो आन् सोताला सरदार म्हणवतो! आन् काय गो, पोरं केवाची आत हायत, जेवली काय?"

"त्यांच्याकडे बिस्किटं आहेत."

"बिस्किटांवर कोण जगतंय? आन् त्यांची आयस कुठं मेली? शोधीत नाय का ती?"

त्या मुलांच्या आईचं लेखकानं नावही काढलं नव्हतं. मी पान उलटलं.

पुस्तक संपलं ते ऐन अडचणीच्या ठिकाणी. शेवटच्या कपाटावरची चिठ्ठी म्हणत होती: या दालनातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक शोधा, किल्ली त्याच्या पुठ्ठ्यात आहे. मुलं शोधायला वळतात आणि कंदिलातलं तेल संपतं. काळोख. खाली छापलं होतं: उत्तर दुसऱ्या भागात.

मी हात आपटले. आई मात्र शांत होती. म्हणाली, "आंधार हाय तर काय झालं? नाकाला लावून बगायचं. जे माणसांनी हातात घेतलं, त्याला माणसाचा वास येतो. कोऱ्याला कागदाचा."

"असं कुठं असतं, आये?"

"मी पहाटे काळोखात मासळी घेते ती काय डोळ्यांनी?"

मला तिचं उत्तर पटलं नव्हतं, पण खोडता येत नव्हतं. दुसरा भाग हवा होता, लगेच हवा होता. पण पावसाळा लागला. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकल्या की ताजी मासळी बंद, आणि आईच्या पालघरच्या रोजच्या फेऱ्याही बंद. मग ती सुकी मासळी घेऊन कधीतरीच जायची.

तोवर ते पुस्तक कुठं ठेवायचं हा प्रश्न होता. समुद्राकाठच्या घरात पावसाळ्यात काय होतं ते तिथं राहिल्याशिवाय कळणार नाही. चामड्याची वहाण हिरवी होते. मीठ पातळ होतं. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर अशी बुरशी धरली होती की नकाशातली बेटं वाढली होती. साऱ्या घरात एकच जागा पक्की कोरडी: सोड्यांचा डबा. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आमच्या धंद्यातला सर्वांत मोलाचा माल. तो डबा आई चुलीवरच्या फळीवर ठेवायची आणि झाकणाची फट कणकेनं लिंपून टाकायची. तिनं डबा उघडला, पुस्तक फडक्यात गुंडाळून सोड्यांत खोचलं आणि पुन्हा झाकण लिंपलं. सोनं असतं तर तेही तिनं तिथंच ठेवलं असतं. मी जवळ उभी राहून हे बघत होते आणि मलाही त्यात शहाणपणच दिसलं.

श्रावणात उघडीप मिळाली तशी आई सोडे घेऊन पालघरला निघाली. शाळेला सुट्टी होती, मी हट्ट करून बरोबर गेले. दुसरा भाग मला माझ्या हातानं घ्यायचा होता. डब्यातून काढलेलं पुस्तक इतकं छान होतं! एक डाग नाही, पानं कडक, जणू आजच छापलेली. गाडीत मी ते मांडीवर घेऊन बसले होते. एक बाई माझ्यापासून सरकून बसली, ती मला जागा देतेय असं मला वाटलं.

वाचनालयात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. लांबट खोली, मध्ये टेबल, टेबलाशी वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे गृहस्थ. खिडकीशी माझ्या वयाची एक मुलगी पुस्तक चाळत होती. ग्रंथपाल काळी टोपी घातलेले, सडपातळ, पुस्तकं हलक्या हातानं हाताळणारे. त्यांच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात मला तेच चित्र दिसलं, तीच कपाटं, तीच चार मुलं, फक्त रंग हिरवा. दुसरा भाग.

आईनं फडकं सोडून पुस्तक टेबलावर ठेवलं. ग्रंथपालांनी ते उघडलं आणि लगेच मान मागे घेतली. पुन्हा उघडून पाहिलं. मग मिटून, दोन बोटांनी धरून, बाजूला ठेवलं.

"बाई, हे कशात ठेवलं होतं?"

"सोड्यांत, मास्तर." आईच्या आवाजात काय थाट होता! "बगा, बुरशीचा ठिपका तरी हाय काय? पान न् पान कोरडं."

एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मी म्हणतोच आहे, आज वाचनालयात कोळंबीभाताचा बेत कसा काय!"

दुसरे हसले. आईही हसली. तिला ती तारीफ वाटली.

ग्रंथपाल हसले नाहीत. "कोरडं आहे हो. पण याला केवढी घाण येतेय! हे बाकीच्या पुस्तकांत ठेवायचं कसं?"

इथं आईचा चेहरा बदलला. तो मी बाजारात पाहिलेला चेहरा होता. मालाला नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला. आपल्या पोरीच्या पुस्तकाविषयी कुणी काही बोलतंय, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. तिच्या सोड्यांना कुणीतरी घाण म्हटलं होतं.

"घाण? माज्या सोड्यांना? आवो मास्तर, आक्क्या बाजारात विचारा! कचेरीतल्या सायबिणी माज्याकडनं नेतात. थांबा."

तिनं विकायला आणलेलं गाठोडं सोडलं आणि मूठभर सोडे काढून त्यांच्या टेबलावर, उघड्या नोंदवहीवर ठेवले. "एक तोंडात टाकून बगा. न्हेवा घरी. वैनींना सांगा, कांद्यावर परतायचं आन् वरून कोकम. मग बोला."

ग्रंथपाल खुर्चीवरून उठून भिंतीपर्यंत मागे गेले. "अहो! अहो, काय करताय! आमच्यात चालत नाही हे!"

आता दोघे गृहस्थ मोठ्यानं हसत होते. एकानं धोतराचा सोगा नाकाला लावला. खिडकीतली मुलगी पुस्तक मिटून आमच्याकडे बघत होती. आई अजून सांगतच होती, की सोडे वर्षभर टिकतात, की यांत रेतीचा कण सापडला तर नाव बदलीन.

मी जन्मापासून त्या घरात राहिले होते. आम्हाला वास असतो हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. गाडीतली सरकून बसलेली बाई मला तेव्हा कळली. शाळेतल्या माझ्या बाकावर कुणी का बसत नसे तेही कळलं. एकदम सगळंच कळलं. माझ्या परकराला, केसांना, हातांना तो वास होता आणि मी खोलीच्या मधोमध उभी होते. मी आईचा पदर ओढला.

ती मला गप्प करायला वळली आणि तिनं माझं तोंड पाहिलं.

त्या म्हाताऱ्यांच्या हसण्यानं तिला जे कळलं नव्हतं ते माझ्या तोंडाकडे बघून कळलं. तिचा हात हवेतच थांबला. मग तिनं नोंदवहीवरचे सोडे एक एक करून वेचले. टेबल पुसायला पदर लावला, थबकली, पदराकडे पाहिलं, आणि पुसायचं सोडून दिलं.

ग्रंथपाल वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "पोरीचा काही दोष नाही. पण नियम आहे, बाई. हे पुस्तक तुम्हीच ठेवा. याची दुसरी प्रत आणून द्या, मी दुसरा भाग देतो."

दुसरी प्रत मुंबईत मिळत असेल. आमच्या घरातून मुंबईला कोण, कधी, कुठल्या दुकानात जाणार होतं? काचेमागची हिरवी मुलं हातात कंदील घेऊन माझ्याकडे बघत होती.

बाहेर झाडाखाली आई गाठोडं बांधत असताना ती खिडकीतली मुलगी पळत आली. वडील रेल्वेत, घाटावरून बदली होऊन आलेले, असं तिनं एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "ते पुस्तक मी किती दिवस मागतेय! मला दे ना. मी दुसरा भाग माझ्या नावावर काढते, तुला देते. वाचून झालं की अदलाबदल."

यापेक्षा सरळ सौदा असूच शकत नव्हता. आईनं लगेच माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हणाले. "मला शेवट माहीत आहे."

मला शेवट माहीत नव्हता. मला फक्त तिथून जायचं होतं, त्या मुलीच्या स्वच्छ परकरापासून लांब.

घरी आल्यावर मी ते पुस्तक पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकलं आणि विहिरीवर जाऊन शिकेकाईनं केस धुतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतले. आठवडाभर हाच उद्योग. बाबा म्हणाले, "टक्कल पडंल."

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आईच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका दुपारी मी ओट्यावर बसले होते तर ती लांबून येताना दिसली. डोक्यावर पाटी. एक हात पाटीला, आणि दुसरा हात अंगापासून असा ताठ लांब धरलेला, जणू हातात निखारा आहे. हातात हिरवं काहीतरी होतं. जवळ आल्यावर कळलं, ताजं केळीचं पान. बोईसरपासून ती तसाच हात धरून चालत आली होती.

पान तिनं माझ्यापुढे ठेवलं आणि मागे सरकली. "उघड. मी नाय हात लावत."

आत दुसरा भाग होता.

माझ्या पेटीतलं पुस्तक काढून तिनंच ते रेल्वेच्या चाळीत पोचवलं होतं. मी "नको" म्हटलेला सौदा तिनं परस्पर पुरा केला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "ती पोर काय म्हणते ठाव हाय? म्हणते, मावशी, हे पुस्तक वाचताना भूक लागते." आणि हसली. मला हसू आलं नाही. हसायला हवं होतं, असं आता वाटतं.

मी चुलीपाशी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. आई आत आली नाही. ती उंबऱ्याबाहेर, ओट्याच्या टोकाला बसली.

"वाच. मी हितून आयकते."

"आये, आत ये ना."

"नको. मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. समुद्राच्या आवाजावर आवाज काढून वाचलं. काळोखात त्या मुलांनी काय केलं, तर एक एक पुस्तक काढून जमिनीवर उभं केलं आणि सोडून दिलं. न वाचलेली पुस्तकं मिटलेली उभी राहिली. सर्वांत जास्त वाचलेलं मात्र सोडल्यासरशी आपोआप मधोमध उघडून पडलं, आणि पुठ्ठ्यातली किल्ली खणकन वाजली.

मी थांबले. बाहेरून आई म्हणाली, "मग पोरं चुकली. येवडी पुस्तकं उबी करीत बसली. नाकाला लावलं आसतं तर केवाच गावलं आसतं."

मला रडू कोसळलं. "जवळ येऊन बस ना गं आये," मी म्हणाले.

"नको गो," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, मला समजावून सांगितल्यासारखी. "ते त्या पोरीच्या नावावर हाय."

दुसरा भाग जसा आला तसाच, केळीच्या नव्या पानात, तसाच लांब धरलेल्या हातात परत गेला. ग्रंथपालांना कधी काही कळलं नाही. पहिला भाग त्या मुलीनं परत दिला, तो अजून माझ्याकडे आहे. पुढे पुस्तकं मला तिच्याच नावावर मिळत गेली. पण आई त्यानंतर कुठल्याही पुस्तकाला उघड्या हातानं शिवली नाही. मॅट्रिकच्या पुस्तकांना नाही, पालघरच्या कॉलेजात गेले तेव्हाच्या पुस्तकांनाही नाही. मधे पान असायचं, फडकं असायचं. मी कितीदा तिचा हात धरून पुस्तकावर ठेवला असेल! ती हात काढून घ्यायची. भांडून बघितलं. भांडणात ती कुणालाच ऐकायची नाही, पण यात भांडायचीसुद्धा नाही.

पदवीचा कागद हाती आला तोही पावसाळ्यात. बाबांनी तो उलटा धरून सगळ्या आळीला दाखवला. मग तो ठेवायचा कुठं, हा प्रश्न आला. मी फळीवरचा डबा खाली काढला.

आई ओरडली, "येडी झालीस काय? नोकरी कोण देईल तुला?"

"पेटीत बुरशी धरेल. ही जागा कोरडी आहे."

"त्याला वास लागंल गो!"

"लागू दे," मी म्हणाले, आणि कागद सोड्यांत खोचून झाकण माझ्या हातानं लिंपलं. आई बघत राहिली. तिला ते आवडलं नव्हतं, हे खरं तेच सांगते.

पाऊस ओसरल्यावर बोईसरकडच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी गेले. कारकुनानं माझी कागदपत्रं हातात घेतली, पदवीचा कागद वर काढला, आणि त्याची मान जराशी मागे गेली. ती हालचाल मी कुठंही ओळखली असती. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सोड्यांचा आहे," मी म्हणाले. "माझ्या आईच्या. रेतीचा कण सापडायचा नाही."

आवाज मी चढा ठेवला होता. कान मात्र तसेच तापले होते.